‘फोल्ड’ म्हणावे की ‘मॅच’?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच जातीच्या फंक्शनांबद्दल आहेत. टाइपच्या प्रत्येक कन्स्ट्रक्टरसाठी (व्हॅल्यू बनवण्याच्या प्रत्येक रीतीसाठी) एक शाखा घ्यायची आणि हातातली व्हॅल्यू ज्या कन्स्ट्रक्टरने बनली असेल ती शाखा चालवायची, हे त्यांचे काम. हास्केल या भाषेतली मेबी, आयदर आणि बूल ही अशी फंक्शने; मेबी टाइपमध्ये व्हॅल्यू असते (जस्ट) किंवा नसते (नथिंग). ओकॅमल आणि स्काला या भाषांमध्ये ऑप्शनवरचे (तिथल्या मेबीवरचे) फोल्ड, रस्टमध्ये मॅप_ऑर. कोड देवनागरीत लिहिला आहे. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे टाइप कोणता आणि फंक्शन कोणते असा घोटाळा जिथे होऊ शकतो तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

प्रश्न: माझ्या हास्केल लायब्ररीत पेमेंट नावाचा टाइप आहे. त्याचे तीन कन्स्ट्रक्टर: रोख, यूपीआय आणि कार्ड. मेबी फंक्शनासारखे, तिन्हींसाठी एकेक शाखा घेणारे फंक्शन लिहिले आहे. त्याला पेमेंट, फोल्डपेमेंट, केसपेमेंट की मॅचपेमेंट म्हणावे? शाखांचा क्रम कोणता ठेवावा?

उत्तर: आधी फंक्शन समोर ठेवू.

डेटा पेमेंट = रोख | यूपीआय आयडी | कार्ड क्रमांक मुदत

मॅचपेमेंट :: र -> (आयडी -> र) -> (क्रमांक -> मुदत -> र) -> पेमेंट -> र
मॅचपेमेंट रो यू का प = केस प ऑफ
  रोख -> रो
  यूपीआय आ -> यू आ
  कार्ड क म -> का क म

हास्केलची जुनी रीत टाइपचेच नाव लहान अक्षरात फंक्शनाला देण्याची आहे. मेबी, आयदर, बूल ही नावे त्याच रीतीतली, आणि दीज पॅकेजमधले दीज फंक्शनही. रीत सुंदर आहे, पण ती चालते ती हे टाइप सर्वसामान्य आहेत म्हणून. ‘मेबी’ नावाचे चल कोणी ठेवत नाही. ‘पेमेंट’ नावाचे चल मात्र तुमच्या प्रत्येक दुसऱ्या फंक्शनात असणार. मग आतले नाव बाहेरच्या नावाला झाकते आणि -डब्ल्यूऑल (कंपायलरच्या बहुतेक सूचना चालू करणारा पर्याय) लावले असेल तर नेम-शॅडोइंगची सूचना ठिकठिकाणी दिसू लागते. लोक कंटाळून ती सूचनाच बंद करतात, आणि पुढे खरी चूकही तिच्याबरोबर झाकली जाते. म्हणून व्यवहारातल्या टाइपांसाठी आमचे मत मॅचपेमेंटच्या बाजूने आहे. केसपेमेंटही चालेल. फोल्डपेमेंट नको. त्याचे कारण पुढच्या उत्तरात सविस्तर येते.

क्रमाचा नियम सोपा आहे: डेटाच्या घोषणेत कन्स्ट्रक्टर ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने शाखा, आणि ज्याची उकल करायची ती व्हॅल्यू सर्वांत शेवटी. ती शेवटी असली की फंक्शन अर्धवट भरून पुढे देता येते. मॅप (मेबी ० लेंग्थ) यादी असे लिहिता येते ते त्यामुळेच.

या नियमाचा एक परिणाम लक्षात ठेवावा लागतो. बूल टाइपची घोषणा फॉल्स | ट्रू अशी आहे, त्यामुळे बूल फंक्शनाची पहिली शाखा फॉल्सची असते. बूल "नाही" "हो" ट्रू याचे उत्तर "हो" येते. इफ-देन-एल्सच्या सवयीने वाचणारा माणूस इथे उलटे वाचतो, आणि दोन्ही शाखा एकाच टाइपच्या असल्याने कंपायलर काहीच बोलत नाही. हे फंक्शन बेस ४.७ मध्ये, म्हणजे २०१४ मध्ये, प्रमाण लायब्ररीत आले. त्यातली पहिली शाखा कोणाची असे विचारून पाहा, अनुभवी माणूसही क्षणभर थांबतो. लिस्टवर फोल्ड करणाऱ्या फोल्डआरने तर हा नियम पाळलेलाच नाही: लिस्टच्या घोषणेत रिकामी लिस्ट आधी येते, पण फोल्डआरमध्ये जोडणाऱ्या कन्स्ट्रक्टरचे फंक्शन आधी आणि रिकाम्या लिस्टची व्हॅल्यू नंतर.

प्रश्न: मेबीवर फोल्ड आणि पॅटर्न मॅचिंग यांत काहीच फरक दिसत नाही. मग लिस्टच्या बाबतीत लोक हे दोन वेगळे का मानतात?

उत्तर: मेबी टाइपच्या पोटात पुन्हा मेबी टाइप नाही, म्हणून. टाइप स्वतःचाच उल्लेख करत नसेल तर दोन्ही गोष्टी एकच ठरतात. करत असेल तर त्या वेगळ्या होतात, आणि फरक सिग्नेचरमध्ये (फंक्शनाचा टाइप सांगणाऱ्या ओळीत) नेमका एका जागी दिसतो:

लिस्ट :: र -> (अ -> [अ] -> र) -> [अ] -> र
फोल्डआर :: (अ -> र -> र) -> र -> [अ] -> र

पहिले फंक्शन एक्स्ट्रा पॅकेजमध्ये लिस्ट याच नावाने मिळते. त्याच्या शाखेला उरलेली लिस्ट जशीच्या तशी मिळते, म्हणजे [अ]. फोल्डआरच्या शाखेला उरलेल्या लिस्टचा निकाल मिळतो, म्हणजे र. एक पदर उलगडणे आणि शेवटपर्यंत घडी घालणे यांत जो फरक आहे तोच इथे आहे. साडीचा एक पदर उचलला तर त्याला कोणी घडी म्हणत नाही. फोल्ड या शब्दाचा अर्थही घडीच, म्हणून एकच पदर उचलणाऱ्या फंक्शनाला तो देऊ नये असे आम्ही वर म्हटले.

हा फरक कुठे नडतो ते क्रमवार लिस्टमध्ये एक घटक घालताना कळते. समजा क्ष घालायचा आहे आणि समोर य आला. क्ष लहान असेल तर उत्तर क्ष : य : उरलेली मूळ लिस्ट असे हवे. एक पदर उलगडणाऱ्या फंक्शनात उरलेली मूळ लिस्ट हातातच असते. फोल्डआरमध्ये हातात असते ती क्ष आधीच घातलेली लिस्ट; तीच जोडली तर क्ष दोनदा येतो. मूळ आणि निकाल यांची जोडी करून बरोबर नेणे हा एक उपाय आहे, पण तो ओबडधोबड वाटतो. दोन्ही गोष्टी शाखेला देणारे तिसरे रूपही आहे, त्याला पॅरामॉर्फिझम म्हणतात:

पॅरा :: र -> (अ -> [अ] -> र -> र) -> [अ] -> र

घडी घालणाऱ्या रूपाचे शास्त्रीय नाव कॅटामॉर्फिझम. मायर, फोकिंगा आणि पॅटरसन यांच्या १९९१ च्या निबंधामुळे हा शब्द फंक्शनल प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांत रुळला. स्कालाझेड या स्काला लायब्ररीत ऑप्शनवरच्या फंक्शनाचे नाव काटा आहे ते त्याचेच संक्षिप्त रूप.

लॅम्डा कॅल्क्युलस या फक्त फंक्शनांच्या गणिती भाषेमध्ये डेटाच फंक्शन म्हणून लिहितात तिथेही हीच विभागणी आहे. घडी म्हणून लिहिले तर चर्च एन्कोडिंग, एक पदर म्हणून लिहिले तर स्कॉट एन्कोडिंग. नैसर्गिक संख्या घेऊन पाहा. स्कॉट पद्धतीत न ची आधीची संख्या एका पायरीत मिळते, कारण ती शाखेला थेट दिलेली असते. चर्च पद्धतीत ती शून्यापासून पुन्हा बांधत आणावी लागते, म्हणून पायऱ्या न च्या प्रमाणात वाढतात. याउलट चर्च पद्धतीतल्या संख्येत पुनरावृत्ती आधीच आहे, वेगळे रिकर्शन लिहावे लागत नाही. कोणती पद्धत वरचढ असा हा प्रश्न नाही. नाव वाचून वापरणाऱ्याला कळायला हवे की आपल्या शाखेत मूळ तुकडा येणार की निकाल.

प्रश्न: हास्केलमधून ओकॅमलकडे आलो. ऑप्शन.फोल्डमध्ये नन (व्हॅल्यू नाही) शाखेत एक्सेप्शन टाकणारे फेलविथ लिहिले, तर ऑप्शनमध्ये सम (व्हॅल्यू आहे) असतानाही प्रोग्रॅम तिथेच पडतो. लायब्ररीत बग आहे का?

उत्तर: बग नाही. ओकॅमल फंक्शनाला हाक मारण्याआधी सगळी आर्ग्युमेंटे मोजून घेते, म्हणजे प्रत्येकाची व्हॅल्यू काढून घेते. तुम्ही लिहिले असेल ते असे:

ऑप्शन.फोल्ड ~नन:(फेलविथ "नोंद नाही") ~सम:फ ओ

फोल्डला हाक मारली जाण्याआधीच फेलविथ चालते आणि एक्सेप्शन उडते. ओ काय आहे हे बघण्याची वेळच येत नाही. हास्केलमध्ये आर्ग्युमेंट गरज पडेपर्यंत मोजले जात नाही, म्हणून तिथे मेबी (एरर "नोंद नाही") फ ओ हे केसशी तंतोतंत जुळते. ओकॅमलमध्ये जुळत नाही. मॅच ही भाषेचीच रचना आहे, तिच्या न निवडलेल्या शाखा चालत नाहीत. फोल्ड हे साधे फंक्शन आहे. नन शाखा स्थिर व्हॅल्यू असेल, ० किंवा रिकामी स्ट्रिंग, तर काही बिघडत नाही. ती फाईल वाचत असेल, काही छापत असेल किंवा एक्सेप्शन टाकत असेल, तर बिघडते. फेलविथची चूक निदान पहिल्या चाचणीत दिसते. डेटाबेसला विनाकारण जाणारी हाक महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

सरळ उपाय म्हणजे मॅच लिहिणे, आणि आम्ही तोच सुचवू. फंक्शनच हवे असेल तर दोन्ही शाखांतून युनिट, म्हणजे () ही रिकामी व्हॅल्यू, घेणारे फंक्शन परत द्या आणि शेवटी () लावा:

(ऑप्शन.फोल्ड ~नन:(फन () -> फेलविथ "नोंद नाही") ~सम:(फन क्ष () -> फ क्ष) ओ) ()

इतर भाषांनी हा फरक नावात किंवा टाइपमध्ये आणला आहे, आणि ते चांगले केले आहे. रस्टमध्ये मॅप_ऑर तयार व्हॅल्यू घेते, मॅप_ऑर_एल्स क्लोजर, म्हणजे गरज पडली तरच चालवायचे फंक्शन, घेते. रिझल्टवरच्या मॅप_ऑर_एल्समध्ये पहिल्या क्लोजरला एररची व्हॅल्यूही मिळते. एफ शार्पमध्ये डीफॉल्टव्हॅल्यू आणि डीफॉल्टविथ अशी जोडी आहे. प्युअरस्क्रिप्टमध्ये मेबी फंक्शनाशेजारी नावाच्या शेवटी ' हे चिन्ह असलेले, म्हणजे ‘मेबी प्राइम’, दुसरे फंक्शन आहे. ते रिकाम्या शाखेसाठी युनिट घेणारे फंक्शन मागते. स्कालात ऑप्शन.फोल्डचे पहिले आर्ग्युमेंट बाय-नेम आहे, म्हणजे वापरले तरच मोजले जाते, त्यामुळे तिथे हा त्रास होत नाही.

प्रश्न: स्काला २ मध्ये ऑप्शन.फोल्ड(नन)(क्ष => सम(क्ष + १)) लिहिले तर टाइप जुळत नाही म्हणते. दोन्ही बाजू ऑप्शनच आहेत ना?

उत्तर: तुमच्या डोळ्यांना आहेत, कंपायलरला अजून नाहीत. हे फोल्ड दोन वेगळ्या कंसांत आर्ग्युमेंटे घेते, आणि स्काला २ पहिला कंस वाचून झाला की निकालाचा टाइप पक्का करते. पहिल्या कंसात नन आहे, म्हणून निकालाचा टाइप नन.टाइप ठरतो, ऑप्शन[इंट] नाही. दुसऱ्या कंसातला सम मग त्यात बसत नाही. टाइप स्वतः सांगा, फोल्ड[ऑप्शन[इंट]](नन)(...), किंवा नन ऐवजी ऑप्शन.एम्प्टी[इंट] लिहा. लिस्टसाठी निल ऐवजी लिस्ट.एम्प्टी[इंट]. आयदर.फोल्डमध्ये दोन्ही शाखा एकाच कंसात असल्याने तिथे हे होत नाही.

याच निमित्ताने एक सांगायला हवे. ऑप्शनवरचे फोल्ड प्रत्येक ठिकाणी एकच फंक्शन नाही. ओकॅमलच्या प्रमाण लायब्ररीत (४.०८ पासून) ऑप्शन.फोल्ड नन आणि सम अशा दोन शाखा घेते. जेन स्ट्रीट या कंपनीच्या ओकॅमलसाठीच्या बेस लायब्ररीत त्याच नावाचे फंक्शन ~इनिट आणि ~एफ घेते, म्हणजे ऑप्शनला शून्य किंवा एक घटकाची लिस्ट मानून त्यावरून साठा, म्हणजे आतापर्यंतचा निकाल, पुढे नेते. तिथे शाखा घेणाऱ्या फंक्शनाचे नाव व्हॅल्यू_मॅप आहे. एफ शार्पचे ऑप्शन.फोल्डही साठा नेणारेच. त्यामुळे ‘ऑप्शनवर फोल्ड करा’ अशी सूचना एका संघात लिहून ठेवायची असेल तर कोणत्या लायब्ररीचे ते सोबत लिहा. दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाच कोडबेसमध्ये दोन्ही आले की वाचणाऱ्याचे हाल होतात.

प्रश्न: दोन आर्ग्युमेंटांचे फंक्शन जोडीवर चालवणारे अनकरी हे जोडीसाठी असेच फंक्शन मानता येईल का?

उत्तर: टाइप पाहून हो, वागणूक पाहून नाही. हास्केलमध्ये अनकरीची व्याख्या फ (फस्ट प) (स्नड प) अशी आहे; फस्ट आणि स्नड जोडीतला पहिला आणि दुसरा घटक देतात. ते जोडी आधी उघडत नाही. अनडिफाइन्ड ही उघडताच एरर देणारी व्हॅल्यू, म्हणून अनकरी (\_ _ -> १) अनडिफाइन्ड याचे उत्तर १ येते, आणि केस अनडिफाइन्ड ऑफ (_, _) -> १ एरर देते. मेबी आणि आयदर मात्र केससारखीच, व्हॅल्यू लगेच उघडतात. बहुतेक कोडला याने फरक पडत नाही. आळशी (गरज पडेपर्यंत न मोजलेल्या) जोड्यांवर स्वतःकडेच परत येणारा कोड असेल तर पडतो. न्यूटाइपचा (जुन्याच टाइपवरच्या नव्या वेष्टणाचा) कन्स्ट्रक्टर केसमध्ये जुळवला तरीही काही उघडले जात नाही, कारण चालताना तो कन्स्ट्रक्टर अस्तित्वातच नसतो.

प्रश्न: मेबीमध्ये व्हॅल्यू आहे का हे इजजस्टने तपासून मग फ्रॉमजस्टने व्हॅल्यू काढली तर काय चुकते? तपासलेले तर असते.

उत्तर: तपासणी आणि काढणे यांचा संबंध फक्त तुमच्या मनात असतो. इजजस्ट फक्त ट्रू किंवा फॉल्स सांगते; आत काय होते ती माहिती तिथेच गळून पडते. पुढे कोणी ती अट हलवली, उलटी केली किंवा दुसऱ्या चलावर लावली तरी कोड कंपाइल होतो आणि चालताना पडतो. केस किंवा मेबी फंक्शन वापरले की आतली व्हॅल्यू फक्त जस्ट शाखेतच दिसते. लिस्टचा पहिला घटक आणि उरलेली लिस्ट देणाऱ्या हेड आणि टेल यांचाही दोष हाच, जीएचसी (हास्केलचा कंपायलर) ९.८ पासून ती वापरली की सूचना मिळते.

प्रश्न: पेमेंट टाइपमध्ये पुढे ‘वॉलेट’ हा चौथा कन्स्ट्रक्टर येणार आहे. शाखा घेणारे फंक्शन जास्त सुरक्षित की केस?

उत्तर: सर्वांत असुरक्षित गोष्ट म्हणजे शेवटी _ लावलेले केस. चौथा कन्स्ट्रक्टर आला की तो गुपचूप त्या _ मध्ये जातो आणि कोणतीही सूचना येत नाही. रोख आणि ‘इतर सगळे’ अशी विभागणी केलेली असेल तर वॉलेटवर कार्डाचे शुल्क लागेल, आणि ते हिशेब जुळवतानाच कळेल.

_ न लावलेले केस असेल तर जीएचसीची इनकम्प्लीट-पॅटर्न्स ही सूचना, जी -डब्ल्यूऑलमध्ये येते, सगळ्या जागा दाखवते. ती सूचनाच एरर करून टाका: -वेरर=इनकम्प्लीट-पॅटर्न्स. ओकॅमलमध्ये ही सूचना क्रमांक ८. _ मुळे काय झाकले जाते ते दाखवणारी सूचना क्रमांक ४ आहे, ती मुळात बंद असते. पैशाच्या मॉड्यूलपुरती तरी चालू करण्यासारखी आहे. रस्टमध्ये अपुरा मॅच थेट एरर आहे.

मॅचपेमेंटमध्ये चौथी शाखा घातली की त्याचा टाइपच बदलतो आणि प्रत्येक वापराच्या जागी टाइप एरर येतो. हा मोठा फायदा आहे. तोटा असा की शाखा तीनच्या वर गेल्या आणि त्यांतल्या दोन एकाच टाइपच्या असल्या, तर अदलाबदल कंपायलरला दिसत नाही. यूपीआय आणि वॉलेट दोन्ही एकेक आयडी घेत असतील तर नेमके हेच होईल. ओकॅमलमध्ये लेबले लावून हा प्रश्न सुटतो. हास्केलमध्ये लेबले नाहीत, म्हणून शाखांचा रेकॉर्ड करावा लागतो:

डेटा शाखा र = शाखा
  { रोखीची :: र
  , यूपीआयची :: आयडी -> र
  , कार्डाची :: क्रमांक -> मुदत -> र
  , वॉलेटची :: आयडी -> र }

इथे एक फील्ड विसरले तर हास्केल फक्त मिसिंग-फील्ड्सची सूचना देते आणि प्रोग्रॅम ते फील्ड वापरताना पडतो. फील्डांना ! लावून ती स्ट्रिक्ट केली तर विसरणे ही कंपाइलची एरर होते. पण मग रोखीची हे फील्ड रेकॉर्ड उघडताच मोजले जाते, आणि त्या शाखेत एरर लिहिली असेल तर यूपीआयच्या पेमेंटवरही प्रोग्रॅम पडतो. ओकॅमलच्या प्रश्नातलीच अडचण, दुसऱ्या दाराने आत आलेली. बाकीची फील्डे फंक्शने असल्याने ती थेट लॅम्डा म्हणून लिहिली असतील तर मोजली तरी हरकत नसते. म्हणून एक तर रोखीची फील्डचा टाइप () -> र करा, किंवा ! न लावता -वेरर=मिसिंग-फील्ड्स वापरा. दुसरा मार्ग कमी खटपटीचा.

लायब्ररी बाहेरच्यांसाठी असेल तर आणखी एक मुद्दा. पेमेंटचे कन्स्ट्रक्टर न देता फक्त मॅचपेमेंट आणि बनवणारी फंक्शने निर्यात केली, तर आतली मांडणी तुम्हाला मोकळेपणे बदलता येते. हेच पॅटर्न सिनॉनिमनेही (पॅटर्नला स्वतःचे नाव देऊन) जमते. जीएचसी ८.२ पासून कम्प्लीट हा प्रॅग्मा (कंपायलरसाठीची सूचना) लिहून ‘एवढे पॅटर्न पुरेसे आहेत’ असे कंपायलरला सांगता येते. तो न लिहिल्यास वापरणाऱ्याला अपुऱ्या पॅटर्नची खोटी सूचना मिळत राहते. लिहिला तर तो खरा आहे का हे कंपायलर तपासत नाही, ती जबाबदारी तुमची. आणि वॉलेट घालाल तेव्हा आवृत्तीचा मोठा आकडा वाढवा. निर्यात केलेल्या फंक्शनाचा टाइप बदलणे आणि निर्यात केलेल्या टाइपमध्ये कन्स्ट्रक्टर घालणे, दोन्ही हास्केलच्या पॅकेज आवृत्ती धोरणात मोठे बदल धरले जातात.